सगळं टाईप सीच असतंय म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा, फक्त चार्जरच्या व्होल्टचे आकडे कापू नका, कारण सगळी भानगड त्या आकड्यांतच आहे आणि तेच कोणी सांगत नाही.

मी अशोक चौकाच्या बाजूला राहते, दोन टॉवेल कारखान्यांचे हिशेब घरी बसून लिहिते. महिन्याची २० तारीख म्हणजे जीएसटीचं थ्री बी नावाचं रिटर्न भरायची शेवटची तारीख, चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती मालक माझ्याकडे बघत बघत भरतो. तर गेल्या महिन्यात नेमक्या २० तारखेला संध्याकाळी माझ्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर पिनपाशी, जिथं मान असते ना तिथं, तुटली. आठवडाभर वाकडी करून, वर इस्त्रीचा डबा ठेवून चालवत होते, त्या दिवशी गेलीच. बॅटरी २२ टक्के.

मी म्हटलं घाबरायचं काय कारण, लॅपटॉप टाईप सीचा आहे आणि घरात टाईप सीचे चार्जर पैशाला पासरी. मोजले तर सात निघाले! मिस्टरांच्या फोनचा, माझ्या फोनचा, पोराचा जुना, इयरबडचा, असे करत करत सात. त्यातला मिस्टरांचा तर चांगला ६७ वॅटचा, खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपला ६५ लागतात, म्हणजे वर दोन वॅट शिल्लकच की! लावला, तर लॅपटॉपला पत्ताच नाही, दिवासुद्धा लागला नाही. मग पोराचा १८ वॅटचा लावला, तर खाली मेसेज आला की हा चार्जर स्लो आहे, आणि लावलेला असूनही टक्के उतरतच होते, २२, २१, २०. म्हणजे ६७ वाला शून्य आणि १८ वाला निदान काहीतरी, हे कुठलं गणित ओ? पोरगी सुट्टीला पुण्याहून आली होती, इंजिनिअरिंगला आहे, तिचा गेमिंगचा लॅपटॉप आहे, त्याचा चार्जर म्हणजे विटेएवढा, पण त्याची पिन चौकोनी, ती माझ्यात जातच नाही.

शेवटी पोराला गाडीवर नवी पेठेत पिटाळलं. दुकानदार म्हणे, "लावा की कुठलंबी, सगळं टाईप सीच असतंय आता." ६५ वॅट लिहिलेला एक चार्जर घेऊन पोरगं आलं, १,१०० रुपये. लावला, परत तोच स्लोचा मेसेज. तोवर ९ टक्के. मग मी सरळ रिक्षा केली, कारखान्यात गेले, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी रिटर्न भरलं. वॉचमनने चहा आणून दिला, त्याचे आभार.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा आला, तो लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. त्याच्याकडे बोटाएवढा एक टेस्टर असतो, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा, किती व्होल्ट, किती अँपिअर ते पडद्यावर दिसतं. त्याने आमचे सातही चार्जर आणि नवा आठवा ओळीने जमिनीवर मांडले आणि एकेकाची पोलखोल केली. तेव्हा कळलं ते असं, मला जसं समजलं तसं लिहिते.

टाईप सी हे फक्त भोकाचं नाव आहे. २०१४ साली हा प्रकार आला, २४ पिना, उलटा घाला सुलटा घाला चालतो, इतकंच. आतून किती वीज येणार ते भोक ठरवत नाही, ते ठरवते पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, आणि ती चालते मंगळवार बाजारासारखी. केबल लावली की चार्जर आधी आपला माल सांगतो, माझ्याकडे ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे, आणि लावलेली वस्तू म्हणते मला २० द्या. हे बोलणं एका बारीक वेगळ्या तारेवर होतं. लॅपटॉप बहुतेक २० व्होल्टचं गिऱ्हाईक. फोनचा १८ वॅटचा चार्जर ५ आणि ९ वरच थांबतो, म्हणून माझ्या लॅपटॉपने नाक मुरडत ९ घेतले, आणि काही लॅपटॉप तर तेवढंही घेत नाहीत, सरळ तोंड फिरवतात.

आणि तो ६७ वाला? त्याचं भोक टाईप सी नव्हतंच, चार्जरच्या बाजूला जुनं चपटं यूएसबी, फक्त फोनच्या बाजूला सी. चपट्या भोकातून ती बोलणी करणारी तारच जात नाही. मग तो फोन ६७ कसा घेतो, तर त्या फोन कंपनीची स्वतःची वेगळी भाषा आहे, ती त्याचा फोन आणि त्याचा चार्जर दोघांनाच येते, बाकी जगाला तो ५ व्होल्ट देतो. म्हणजे घरात सासूबाई आणि आत्याबाई आपसात कानडीत बोलतात आणि सुनेला फक्त हो नाही कळतं, तसं. हे खोक्यावर कुठे लिहिलंय का? ६७ मात्र लांबून वाचता येईल एवढं.

नवी पेठेतल्या नव्या चार्जरची गंमत वेगळीच. त्याला दोन भोकं, एक सी आणि एक चपटं. ६५ ही दोघांची बेरीज. सी मधून एकट्यालाच ४५. आणि चपट्यात फोन लावला की सी वाल्याचं अजून कमी होतं, वर क्षणभर लॅपटॉपची वीजच तुटते, कारण बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. खोक्यावर ६५, अडॅप्टरच्या पोटावर राखाडी रंगावर राखाडी अक्षरात खरे आकडे, मी चष्मा लावून, मोबाईलची बॅटरी मारून, शेवटी फोटो काढून मोठा करून वाचले. माझं आयुष्य बारीक आकडे वाचण्यात गेलंय, तरी ही अवस्था!

केबलचंही तसंच. सगळ्या दिसायला सारख्या, काळ्या नाहीतर पांढऱ्या. पण साधी सी टू सी, म्हणजे दोन्ही टोकांना सी असलेली केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. त्याच्या वर न्यायचं तर केबलच्या टोकात एक बारीक चिप लागते, ती चार्जरला सांगते की मी ५ अँपिअर झेपवते. चिप नसेल तर चार्जर १०० वॅटचा असो, ६० च्या वर देत नाही. आता तर २०२१ पासून नियम २४० वॅटपर्यंत गेलाय, ४८ व्होल्टपर्यंत. चांगल्या केबलच्या टोकावर ६० किंवा २४० छापलेलं असतं. आमच्या घरातल्या एकाही केबलवर नव्हतं.

आता पोराच्या गेमचं सांगते, कारण खरा राग मला तिथं आहे. अकरावीत आहे, दहावीला बरे मार्क पडले म्हणून मामाने त्याला हातात धरून खेळायचा छोटा कन्सोल ऑनलाइन मागवून दिला, त्यात जुने गेम असतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसल्या छपन्न कंपन्या आहेत. खोक्यात चार्जर नव्हता, फक्त वीतभर काळी केबल. पोराने ती कुठंतरी टाकली आणि माझ्या लॅपटॉपच्या सी टू सी केबलने लावायला गेला, तर मेलेला. रात्रभर लावून ठेवला तरी मेलेला. एका रिपेअरवाल्याने बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, बॅटरी गेली, ९०० रुपये. पोरगं चार दिवस नीट जेवलं नाही ओ, हसू नका, आपल्याला शेंगाचटणीशिवाय भाकरी जात नाही तसंच ते.

भाच्याने काय केलं, सोफ्याखालून तीच वीतभर काळी केबल शोधली, एका टोकाला चपटं यूएसबी असलेली, आणि जुन्या ५ व्होल्ट २ अँपिअरच्या साध्या चार्जरला लावली. लाल दिवा लागला. पोरगं ओरडलंच, "लागला बे लागला!" आईसमोर बे, पण त्या दिवशी मी सोडून दिलं.

झालं होतं असं की टाईप सीच्या भोकामागे, वस्तूच्या बाजूने, ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे बारीक तुकडे, लावायचे असतात, एकेका बोलणीच्या पिनेला एक. भाच्याने एका खराब बोर्डावर मला दाखवले, तिळापेक्षा बारीक, चिमट्याने धरले तरी दिसेनात, मी फुंकर मारली असती तर गेले असते. ते असले की सी वाला चार्जर ओळखतो की समोर कोणीतरी आहे, आणि मगच वीज सोडतो. तोवर तो तारेत शून्य व्होल्ट ठेवतो, आणि ते बरोबरच आहे, सुरक्षित आहे. चपटं यूएसबी मात्र कोणालाही न विचारता ५ व्होल्ट देतं, म्हणून त्या केबलने चालतं. कन्सोल बनवणाऱ्याने ते दोन रेझिस्टर लावलेलेच नाहीत. किंमत विचारली तर भाचा म्हणे, मावशी, रुपयात मूठभर येतील. म्हणजे मूठभरातले दोन वाचवायला पोराचा कन्सोल जगातल्या सगळ्या चांगल्या चार्जरना मुका झाला. उलटं आहे बघा, चार्जर जेवढा नियमाने वागणारा तेवढा तो कन्सोल चालणार नाही.

आणि हे फक्त सटरफटर मालातच होतं असं नाही. रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा कॉम्प्युटर २०१९ मध्ये आला, पोरीच्या कॉलेजात सगळे वापरतात, त्यात दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर लावला होता, त्यामुळे चिपवाल्या चांगल्या केबलने तो चालूच होईना. पण त्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या बोर्डांत सुधारली. आमचा कन्सोलवाला मेलला उत्तर देत नाही.

मोठ्या कन्सोलचंही एक सांगून टाकते. पुतण्याकडे दुबईहून आणलेला निन्टेंडो स्विच आहे, २०१७ वाला. तो हातात धरून खेळताना साध्या फोनच्या चार्जरवरही हळूहळू भरतो, पण टीव्हीला जोडायच्या डॉकमध्ये ठेवला की त्याला १५ व्होल्ट लागतात, त्याचा स्वतःचा अडॅप्टर १५ व्होल्ट २.६ अँपिअरचा आहे, ३९ वॅट. पीडीच्या नियमाप्रमाणे २७ वॅटच्या वरच्या चार्जरने १५ व्होल्ट द्यायलाच पाहिजे आणि ४५ च्या वरच्याने २० पण, तरी स्वस्तातले काही चार्जर मधलं १५ गाळून टाकतात. पुतण्याचा तसाच निघाला. लॅपटॉप त्याच्यावर चालतो, स्विच डॉकमध्ये चालत नाही, आणि बिचारा दोन महिने टीव्हीची केबल बदलत बसला होता. नवीन स्विच २ चा अडॅप्टर तर ६० वॅटचा, २० व्होल्टवाला. स्टीम डेक नावाच्या कन्सोलला ४५ वॅट. घरात दोन भाऊ आणि दोन वेगळे कन्सोल असतील तर चार्जर बघूनच उचलायचा.

पोरीच्या गेमिंग लॅपटॉपचं दुखणं उलट. त्याचा स्वतःचा चार्जर २३० वॅट, चौकोनी पिन. बाजूला टाईप सी आहे, पण त्यातून तो जास्तीत जास्त १०० वॅट घेतो. नोट्स काढायला, सिनेमा बघायला चालतं, गेम लावला की चार्जिंग चालू असताना बॅटरी उतरते आणि पडदा अडखळतो. हे खरेदीच्या वेळी कोणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी मी तो घेतला असता, प्रश्न तो नाही, पण आता हुतात्मा एक्सप्रेसला चढताना ती वीट बॅगेत आहे का ते बघणं हे माझंच काम होऊन बसलंय. पॉवर बँक घे म्हटलं तर २२.५ वॅटवाल्या पॉवर बँकेत २० व्होल्टच नसतात. आणि १०,००० एमएएच म्हटलं तरी आत ३७ वॅट अवरच, लॅपटॉपची अर्धी-पाऊण बॅटरी. जाऊ दे.

आता माझं खरं म्हणणं.

आपलं गाव सुताचं आहे. चादरी टॉवेलचा धंदा इथल्या पोराटोरांना माहिती. सुताचं पोतं येतं त्याच्यावर काउंट, म्हणजे सूत किती जाड-बारीक ते, छापलेला असतो, दहा, सोळा, वीस, जे असेल ते. बाहेरून पोती सारखीच, पांढरी. काउंट न लिहिता कोणी सूत विकायला आला तर मालक त्याला दारातूनच परत पाठवेल, कारण दहाच्या जागी वीस लागलं तर टॉवेलाचं वजनच बसत नाही. सगळं सूतच असतंय, लावा की कुठलंबी, असं कोणी म्हणालं तर त्याला आम्ही वेड्यात काढू. मग चार्जरच्या बाबतीत आपण हेच निमूट ऐकून घेतो ते का?

युरोपात याचा कायदा झालाय. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथं फोन, टॅब, कॅमेरे, हेडफोन आणि हातात धरायचे गेम कन्सोलसुद्धा, कायद्यात नाव घेऊन लिहिलेत, टाईप सी वरच चार्ज व्हायला पाहिजेत, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६. पण मला आवडलं ते वेगळंच. तिथं खोक्यावर एक छोटं चित्र छापावं लागतं, त्यात लिहायचं की या वस्तूला कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके वॅट लागतात, आणि पीडी चालत असेल तर तेही. १५ वॅटच्या वर घेणाऱ्या वस्तूला पीडी यायलाच पाहिजे, स्वतःची भाषा हवी तर ती वरून वेगळी ठेवा. एवढंसं चित्र असतं तर माझे १,१०० रुपये आणि रिक्षाचं भाडं वाचलं असतं.

आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाईप सीचं मानक जाहीर केलंय, नंबरसकट, आयएस/आयईसी ६२६८०-१-३. कागद आहे. पण नवी पेठेतल्या काउंटरवर मी परवा उभं राहून अकरा खोकी उलटीपालटी केली, बाहेरून व्होल्टची पूर्ण यादी एकावरच वाचता आली. बाकीच्यांवर फास्ट, टर्बो, सुपर, विजेची चित्रं. एकावर वाघ होता.

तर सरकारने खोक्यावर, बाहेरून, न फोडता वाचता येईल अशा अक्षरात एवढंच छापायला लावावं: कुठल्या भोकातून किती व्होल्ट, किती अँपिअर, दोन भोकं एकदम वापरली तर किती. कन्सोल आणि लॅपटॉपच्या खोक्यावर त्याला काय लागतं ते. मराठीत छापलं तर उत्तम, नाहीतर आकडे तरी छापा, आकड्यांना भाषा लागत नाही. आणि दुकानदार मंडळींना विनंती, तो टेस्टर काही शे रुपयांना येतो, काउंटरवर ठेवा, गिऱ्हाईकासमोर लावून दाखवा, किराणा दुकानात वजनकाटा असतो तसा. घेणाऱ्यांनीही अडॅप्टरवर आय एस मानकाचं चिन्ह आणि खाली आर ने सुरू होणारा नंबर आहे का बघावं, तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून तपासता येतो. त्याने चार्जर पीडीचा आहे की नाही हे कळत नाही, पण निदान नोंदणी झालेला आहे एवढं कळतं. तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

त्या दुकानात मी चार्जर परत द्यायला गेले होते तेव्हा भाच्याचा टेस्टर बरोबर नेला होता. भांडायला नाही, दाखवायला. दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, अक्का, खोकं फोडलंय, परत होत नाही म्हणाला, पण टेस्टरचे आकडे बदलायला लागले तसा स्वतःच वाकून बघायला लागला. मग त्याने शोकेसमधला दुसरा काढला, तिसरा काढला, नोकराला चहा सांगितला आणि अर्धा तास आम्ही दोघं तेच करत बसलो, गिऱ्हाईकं उभी. चारपैकी दोन ६५ वाल्यांत २० व्होल्ट निघालेच नाहीत. मला त्याने तपासून एक चांगला बदलून दिला, वरचे ३०० घेतले. ते दोन त्याने शोकेसमधून काढून खाली काउंटरच्या आत ठेवले. परत पाठवायला ठेवले की पुढच्या गिऱ्हाइकाला ठेवले, ते मी विचारलं नाही.

आपली,
एक हिशेबनीस वाचक, सोलापूर